थोडं जास्त इंधन भरलं तर न्यू शेपर्ड कक्षेत जाईल का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. ब्लू ओरिजिन या अमेरिकी कंपनीच्या न्यू शेपर्डसारखं रॉकेट शंभर किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे अवकाशात पोचतं, तरी जाणकार त्याला कक्षीय उड्डाणाच्या पंगतीत का बसवत नाहीत? एवढ्या वर गेलंच आहे, तर थोडं जास्त इंधन भरून ते पृथ्वीभोवती फिरत का ठेवत नाहीत? आणि ते जमणार नसेल, तर या दहा-अकरा मिनिटांच्या उड्डाणांचा उपयोग काय?

रॉकेटच्या उड्डाणमार्गाची गणितं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या तिघांतला मधला प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर नीट समजलं की उरलेले दोन फारसे अवघड राहत नाहीत. म्हणून त्यालाच जास्त जागा देतो.

आधी थोडक्यात सांगतो. अवकाशात पोचायला उंची लागते. तिथे टिकून राहायला आडवा वेग लागतो, आणि तो इतका लागतो की त्याच्यापुढे उंची गाठण्याचं काम किरकोळ ठरतं. न्यू शेपर्ड जवळजवळ सरळ वर जातं. त्याचं इंजिन बंद होतं तेव्हा वेग सेकंदाला साधारण एक किलोमीटर असतो. उरलेली उंची ते त्याच झोकावर गाठतं, माथ्यावर क्षणभर रेंगाळतं आणि खाली येतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि ते सेकंदाला ७.६७ किलोमीटर वेगाने आडवं धावत असतं. नव्वद-ब्याण्णव मिनिटांत एक प्रदक्षिणा पूर्ण.

इथे एक समज आधीच दूर करायला हवा. शंभर किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत नाही. तिथे ते जमिनीवरच्या ९७ टक्के असतं आणि अवकाश स्थानकाच्या उंचीवरही ८८ टक्क्यांच्या आसपास असतं. न्यू शेपर्डमधले प्रवासी तरंगतात आणि स्थानकावरचे अंतराळवीरही तरंगतात, ते एकाच कारणाने: दोघंही आपापल्या यानासकट मुक्तपणे पडत असतात. फरक इतकाच, की एकाच्या पडण्याला तीन-चार मिनिटांत जमीन आडवी येते, दुसऱ्याच्या येत नाही.

ती का येत नाही हे दोन आकड्यांत दाखवता येतं. हवेचा अडथळा नाही असं धरा. वरून सोडलेली कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. आता जमिनीला टेकणारी एक सरळ रेषा काढा आणि तिच्यावरून ७.९ किलोमीटर पुढे जा. पृथ्वी गोल असल्यामुळे तिथली जमीन त्या रेषेच्या ४.९ मीटर खाली गेलेली असते. म्हणजे एखादी वस्तू सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने आडवी निघाली, तर एका सेकंदात ती जेवढी खाली पडते तेवढीच जमीनही तिच्यापासून वळून खाली गेलेली असते. पुढच्या सेकंदातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. अंतर कमी होतच नाही. कक्षा म्हणतात ती हीच. जसजसं वर जाऊ तसतसा हा लागणारा वेग थोडा कमी होतो, २०० किलोमीटरवर ७.७८, ४०० वर ७.६७, पण ‘सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास’ हा आकडा डोक्यात पक्का ठेवा.

उंचीने काही ठरत नाही याचे दोन पुरावे इतिहासातच आहेत. ५ एप्रिल १९७५ रोजी वासिली लाझारेव आणि ओलेग माकारोव हे दोन सोव्हिएत अंतराळवीर सोयूझ यानातून सॅल्यूत स्थानकाकडे निघाले होते. रॉकेटचे टप्पे नीट वेगळे झाले नाहीत आणि कॅप्सूलला मधूनच सुटावं लागलं. ती १९२ किलोमीटरपर्यंत वर गेली, तिथून पडली आणि उड्डाणानंतर साधारण एकवीस मिनिटांनी अल्ताई पर्वतात बर्फाळ उतारावर उतरली. परतताना दोघांनी स्वतःच्या वजनाच्या वीसपटीहून जास्त भार सोसला. युरी गागारिन यांच्या कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू या १९२ किलोमीटरपेक्षा खाली होता, तरी गागारिन यांनी १९६१ मध्ये पृथ्वीला फेरी घातली आणि हे दोघं घालू शकले नाहीत. वेग कमी पडला होता.

दुसरा पुरावा त्याहून टोकाचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्तर कोरियाने ह्वासाँग-१५ हे क्षेपणास्त्र जवळजवळ उभं सोडलं. त्यांच्याच निवेदनाप्रमाणे ते ४,४७५ किलोमीटर उंच गेलं, म्हणजे अवकाश स्थानकाच्या दहापटीहून वर, आणि ५३ मिनिटांत जेमतेम ९५० किलोमीटर अंतरावर समुद्रात पडलं. एवढं वर जाऊनही ते उपकक्षीयच, म्हणजे पृथ्वीला फेरी न घालता परत पडणारं. अशा उड्डाणाला लागणारा वेग काढला तर तो सेकंदाला सात किलोमीटरच्या वर भरतो. म्हणजे ताकद बहुतेक कक्षेइतकीच होती, दिशा उभी होती.

आता इंधनाकडे येतो.

एक किलो वजन जमिनीवरून १०० किलोमीटर उंच उचलायला साधारण एक मेगाज्यूल ऊर्जा लागते. त्याच एका किलोला कक्षेचा वेग द्यायला तीस मेगाज्यूल लागतात, आणि वर उंची गाठण्याचा खर्च वेगळा. एकूण फरक तीस-तेहतीस पट. पण ‘मग तीसपट इंधन घालू’ असा हिशेब रॉकेटला चालत नाही, कारण रॉकेटला आपलं इंधनही आपणच उचलून न्यावं लागतं. शेवटच्या किलोला वेग देणारं इंधन उचलायला आधी आणखी इंधन जाळायचं, ते उचलायला त्याच्या आधी आणखी. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेलं समीकरण हेच सांगतं: लागणारा वेग बेरजेने वाढला, तर रॉकेटचं वजन गुणाकाराने वाढतं.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा सरासरी वेग सेकंदाला ३.१ किलोमीटर धरा. शंभर किलोमीटरपर्यंत जाऊन परत पडायचं असेल, तर गुरुत्वाकर्षण आणि हवा यांच्यात वाया जाणारा भाग मिळवून रॉकेटला एकूण २.२ किलोमीटर प्रति सेकंद एवढा वेग मिळवावा लागतो. गणित सांगतं, की १०० टनांच्या रॉकेटमधलं निम्मं इंधन आणि निम्मं बाकी सगळं. टाक्या, इंजिन, पाय, कॅप्सूल, माणसं या सगळ्यांसाठी जवळजवळ ४९ टन हाताशी. अभियंत्याला यात श्वास घ्यायला जागा आहे. टाकीची भिंत थोडी जाड करता येते, उतरण्यासाठी इंधन राखून ठेवता येतं, सगळं रॉकेट एकसंध परत आणता येतं.

कक्षेसाठी हाच आकडा साऱ्या तोट्यांसकट सेकंदाला ९.४ किलोमीटरच्या आसपास जातो. वायूचा वेग तोच ठेवला तर १०० टनांपैकी ९५ टन इंधन. उरलेल्या पाच टनांत टाक्या, इंजिनं, संगणक, तारा, झडपा आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो उपग्रह. एवढं इंधन धरणाऱ्या टाक्या आणि ते जाळणारी इंजिनंच पाच टनांत बसवणं महाकठीण, उपग्रहाला वजन उरतच नाही. हायड्रोजन वापरला तर उरणारा आकडा दहा टनांच्या घरात जातो. पण द्रव हायड्रोजन इतका हलका, एका घनमीटरला जेमतेम ७१ किलो, की त्याच्या टाक्याच अवाढव्य होतात आणि मिळालेला फायदा तिथे परत जातो.

म्हणून कक्षेत जाणारी रॉकेटं टप्प्याटप्प्यांची असतात. रिकामी झालेली टाकी आणि अनावश्यक इंजिनं वाटेत टाकून द्यायची, म्हणजे उरलेल्या इंधनाला त्यांचं ओझं ओढावं लागत नाही. एवढं करूनही हाती किती लागतं बघा. उड्डाणावेळी ५४९ टन वजनाचं स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन ९, त्याचा काहीही भाग परत आणायचा नाही असं ठरवलं तरी, खालच्या कक्षेत २२.८ टन नेतं. चार टक्के. आणि हा आजच्या उत्तम रॉकेटांपैकी एकाचा आकडा आहे. भारताचं एसएलव्ही-३ हे १७ टनांचं, चार टप्प्यांचं रॉकेट होतं. १८ जुलै १९८० रोजी त्याने कक्षेत नेलेला रोहिणी उपग्रह ३५ किलोचा होता.

आता न्यू शेपर्डमध्ये ‘थोडं जास्त’ भरण्याचं बघू. त्याचं इंजिन सुमारे ४९० किलोन्यूटन जोर लावतं. म्हणजे पन्नास टनांच्या वर वजन झालं तर ते तळावरून हलणारच नाही. जास्त इंधन म्हणजे मोठी टाकी, मोठी टाकी म्हणजे जास्त जोराचं इंजिन, एकाऐवजी अनेक इंजिनं, मग दुसरा टप्पा, त्याचं निर्वातात पेटणारं वेगळं इंजिन. असं करत करत तुम्ही ज्या रॉकेटपाशी पोचता ते न्यू शेपर्ड राहिलेलं नसतं. ब्लू ओरिजिननेही दुसरंच रॉकेट बांधलं. न्यू शेपर्डचं पहिलं उड्डाण एप्रिल २०१५ मध्ये झालं आणि त्याच कंपनीचं न्यू ग्लेन पहिल्यांदा कक्षेत पोचलं ते १६ जानेवारी २०२५ रोजी. पैसा, माणसं, अनुभव, कशाचीच कमतरता नसताना मधे जवळजवळ दहा वर्षं गेली.

इंधनाच्या गणिताबद्दल बरंच लिहिलं जातं. ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते दोन उड्डाणांमधला सर्वांत मोठा फरक जिथे आहे, ती गोष्ट म्हणजे चुकीला असलेली जागा.

समजा, दोन्ही रॉकेटांचा वेग ठरल्यापेक्षा एक टक्का कमी भरला. उपकक्षीय रॉकेट १०० ऐवजी ९८ किलोमीटरपर्यंत जाईल. प्रवाशांना खिडकीतून तेच काळं आकाश दिसेल, तेवढंच तरंगायला मिळेल, कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता २०० किलोमीटरच्या गोल कक्षेत जाऊ पाहणारं रॉकेट घ्या. तिथे एक टक्का म्हणजे सेकंदाला ७८ मीटर. या उंचीवर वेग एक मीटर प्रति सेकंद कमी पडला, तर कक्षेची समोरची बाजू साधारण ३.४ किलोमीटर खाली येते. ७८ मीटर कमी पडले तर ती २६० किलोमीटरहून जास्त खाली येते. मुळात उंचीच २०० आहे. म्हणजे उपग्रह अर्धी फेरी पूर्ण करण्याआधीच दाट हवेत शिरून संपलेला असतो. ९९ टक्के काम बरोबर झालं आणि हाती काही लागलं नाही.

हे ७८ मीटर म्हणजे किती वेळ? वरच्या टप्प्यातलं इंधन संपत आलेलं असतं, टप्पा हलका झालेला असतो, इंजिन तेवढ्याच जोराने ढकलत असतं. शेवटी शेवटी वेग दर सेकंदाला ३० ते ३५ मीटरने वाढत असतो. म्हणजे आठ-नऊ मिनिटं चाललेलं उड्डाण आणि इंजिन अडीच सेकंद आधी बंद पडलं, तर मोहीम फसली.

उड्डाण सुरक्षेच्या पडद्यावर हे डोळ्यांनी दिसतं. तिथे नकाशावर एक ठिपका सतत सरकत असतो: इंजिन या क्षणी बंद पडलं तर रॉकेट कुठे जाऊन पडेल, तो बिंदू. उपकक्षीय उड्डाणात तो शेवटपर्यंत तळाच्या आसपासच असतो. कक्षेकडे निघालेल्या रॉकेटचा ठिपका आधी अगदी हळू किनाऱ्यापासून दूर जातो. वेग सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटर झाला तरी तो जेमतेम पाचशे किलोमीटरवर असतो. पुढे तो वेग घेऊ लागतो. ७.२ किलोमीटरच्या आसपास तो दहा हजार किलोमीटर पलीकडे असतो, आणि तिथून शेवटच्या काही सेकंदांत महासागर आणि खंड ओलांडत पृथ्वीची उरलेली बाजू पार करून जातो. मग नकाशावरून नाहीसा होतो, कारण आता ‘कुठे पडेल’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. कितीही उड्डाणं पाहिली तरी त्या क्षणी माझी नजर त्या ठिपक्यावरून हलत नाही. कक्षीय आणि उपकक्षीय यांतला भेद मला कोणी एकाच चित्रात दाखवायला सांगितलं, तर मी तो ठिपका दाखवेन.

माणसांच्या पहिल्या उड्डाणांतही हीच दरी होती. ५ मे १९६१ रोजी अमेरिकेचे ॲलन शेपर्ड मर्क्युरी कॅप्सूलमधून, रेडस्टोन रॉकेटवरून १८७ किलोमीटर उंच जाऊन पंधरा मिनिटांत अटलांटिकमध्ये उतरले. सर्वाधिक वेग सेकंदाला २.३ किलोमीटर. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी तशाच मर्क्युरी कॅप्सूलमधून पृथ्वीला तीन फेऱ्या घातल्या. कॅप्सूल तीच, पण खालचं रॉकेट बदलावं लागलं. रेडस्टोन सुमारे ३० टनांचं होतं, ग्लेन यांचं ॲटलस रॉकेट त्याच्या जवळजवळ चौपट. वजन वाचवायला ॲटलसच्या टाक्यांचा पत्रा इतका पातळ ठेवला होता, की आत वायूचा दाब नसेल तर रॉकेट स्वतःच्याच वजनाने चेपलं असतं. वर मी ‘पाच टनांत सगळं बसवा’ म्हणालो, ते प्रत्यक्षात करायचं म्हणजे या थराला जावं लागतं.

परतीचं वेगळंच. जाताना ओतलेली सगळी ऊर्जा येताना कुठेतरी सोडावी लागते, आणि सोडायला हवेशिवाय दुसरं काही नाही. उपकक्षीय यानाच्या प्रत्येक किलोमागे एक मेगाज्यूल. कक्षेतून येणाऱ्या प्रत्येक किलोमागे तीसच्या वर. तीस मेगाज्यूल म्हणजे घागरभर, साधारण बारा लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करण्याइतकी उष्णता, आणि ही यानाच्या फक्त एका किलोची झाली. ती सगळी यानाच्या अंगात शिरली तर ॲल्युमिनियमची वाफ होऊन वर उरेल. म्हणून कॅप्सूलचा तळ मुद्दाम बोथट ठेवतात: पुढे दाबली गेलेली हवा तापते आणि बरीचशी उष्णता यानाला वळसा घालून निघून जाते. जी उरते ती जळत जळत झिजणारं कवच घेतं. मर्क्युरीच्या अभियंत्यांनी शेपर्ड यांच्या उपकक्षीय उड्डाणासाठी उष्णता नुसती शोषून घेणारी बेरिलियमची जाड तबकडी वापरली होती. ग्लेन यांच्या कॅप्सूलला ती पुरली नसती, तिथे झिजणारं कवच बसवलं.

या कवचाला चूक चालत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया शटल परतताना तुटलं आणि सात जण गेले. उड्डाणावेळी टाकीवरून निखळलेल्या फोमच्या तुकड्याने डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला भोक पाडलं होतं आणि परतीच्या तप्त हवेने तिथून आत वाट काढली. तसंच भोक सेकंदाला एक किलोमीटर वेगाने परतणाऱ्या यानाला पडलं असतं, तर कदाचित फक्त दुरुस्तीचा खर्च आला असता. उपकक्षीय उड्डाण म्हणजे धोका नाही, असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी व्हर्जिन गॅलॅक्टिकचं स्पेसशिपटू चाचणीत तुटलं आणि एका वैमानिकाचा जीव गेला. तिथे उष्णतेचा प्रश्नच नव्हता. परतीच्या वेळी पंख उचलणारी यंत्रणा वर जातानाच, वेळेआधी मोकळी केली गेली होती.

कक्षेतून परत यायला यान थांबवावं लागत नाही, हेही जाता जाता सांगतो. सोयूझ परतताना इंजिन साडेचार मिनिटांच्या आसपास चालवून आपल्या वेगातला सेकंदाला सव्वाशे-एकशे तीस मीटरचा तुकडा कमी करतं, दोन टक्केही नाही. तेवढ्याने कक्षेची समोरची बाजू वातावरणात बुडते. बाकीचं हवा करते. वर जाताना ज्या एका टक्क्याच्या चुकीने मोहीम बुडते, तेच गणित इथे उलट वापरलेलं आहे.

रॉकेट परत उतरवण्याच्या बाबतीतही लोकांची गल्लत होते. न्यू शेपर्डचं रॉकेट २३ नोव्हेंबर २०१५ रोजी अवकाशातून परतून उभं उतरलं आणि महिन्याभरात, २१ डिसेंबरला, फाल्कन ९ चा पहिला टप्पा उतरला. मग पहिलं कोण, हा वाद झाला. न्यू शेपर्डचं यश खरं होतं आणि ते आधी मिळालं, यात शंका नाही. पण फाल्कनचा तो टप्पा वाटेतलं एक मोठं काम उरकून आला होता: अकरा उपग्रह घेतलेल्या दुसऱ्या टप्प्याला त्याने जोरात आडवं ढकललं होतं. फाल्कन ९ चा पहिला टप्पा नेहमीच्या मोहिमांत ६५-७० किलोमीटरवर वेगळा होतो तेव्हा सेकंदाला दोन किलोमीटरच्या वर धावत असतो, त्या झोकाने शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि साडेआठ मिनिटांत परत उतरतो. म्हणजे कक्षीय रॉकेटचा फक्त खालचा भाग दर वेळी न्यू शेपर्डपेक्षा वेगवान उपकक्षीय उड्डाण करून येतो. उरलेलं साडेपाच-सहा किलोमीटर प्रति सेकंदाचं काम दुसऱ्या टप्प्याचं, आणि फाल्कनचा तो टप्पा परत येत नाही.

प्रवाशाच्या बाजूने बघायचं तर २०२१ सालच पुरे आहे. ११ जुलैला रिचर्ड ब्रॅन्सन यांचं यान ८६ किलोमीटरपर्यंत गेलं, २० जुलैला जेफ बेझोस न्यू शेपर्डमधून १०७ किलोमीटरपर्यंत. दोघांना काही मिनिटं तरंगायला मिळालं. (८६ म्हणजे अवकाश की नाही, हा वाद सीमारेषा कुठे धरता यावर आहे. अमेरिकेत ८० किलोमीटर धरतात, आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ १०० धरतो. तिथे हवा अचानक संपत नाही, त्यामुळे या वादात मला फारसा रस नाही.) १५ सप्टेंबरला इन्स्पिरेशन ४ या खासगी मोहिमेतले चौघं स्पेसएक्सच्या ड्रॅगन कॅप्सूलमधून निघाले आणि अवकाश स्थानकापेक्षाही वरच्या कक्षेत तीन दिवस राहिले. तीन दिवस म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड काढायला हवा, शौचालय हवं, झोपायची सोय हवी, दर दीड तासाला ऊन-सावली बदलताना तापमान सांभाळायला हवं. शिवाय पहिल्या दोन दिवसांत अनेकांना होणारी मळमळ. चार मिनिटांच्या तरंगण्यात यातलं काहीच लागत नाही.

मग उपयोग काय? खूप आहे, आणि पर्यटनापेक्षा विज्ञानात जास्त आहे. फुगे साधारण चाळीस किलोमीटरपर्यंत जातात. उपग्रह दीडशे किलोमीटरच्या खाली टिकत नाहीत, हवा त्यांना ओढून खाली आणते. मधल्या पट्ट्यात जाऊन तिथली हवा आणि विद्युतभार प्रत्यक्ष मोजायचे, तर साउंडिंग रॉकेटशिवाय, म्हणजे उपकरणं वर नेऊन परत पडणाऱ्या लहान रॉकेटशिवाय, दुसरा मार्ग नाही. केरळमधलं थुंबा प्रक्षेपणासाठी निवडलं गेलं ते याच कारणाने: तिथून चुंबकीय विषुववृत्त जातं आणि त्याच्या वर, शंभर-एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, आयनांबरात (वातावरणाच्या विद्युतभारित थरात) विजेचा एक पट्टा वाहतो. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून नाइके-अपाची रॉकेट उडालं. भारताला स्वतःच्या रॉकेटवरून पहिल्यांदा उपग्रह कक्षेत न्यायला त्यानंतर सतरा वर्षं लागली. त्या सतरा वर्षांत घन इंधन भरणं, टप्पे वेगळे करणं, दूरमापन (उडत्या रॉकेटकडून मोजमापं मिळवणं), सगळं लहान रॉकेटांवर शिकून झालं. युरोपचं टेक्सस रॉकेट सहा मिनिटांचं वजनविरहित वातावरण देतं. वितळलेला धातू थिजताना किंवा ज्योत जळताना काय होतं हे बघायला सहा मिनिटं पुष्कळ होतात, आणि उपकरण त्याच दिवशी हातात परत मिळतं.

लांबच्या प्रवासाला, या खंडातून त्या खंडात अर्ध्या तासात, उपकक्षीय रॉकेट वापरू असंही म्हटलं जातं. वरचा ठिपका आठवा. दहा हजार किलोमीटर गाठायला सेकंदाला ७.२ किलोमीटर लागतात, म्हणजे कक्षेला लागतात त्याच्या नव्वद टक्क्यांच्या वर. रॉकेट जवळजवळ तेवढंच मोठं, परतीची उष्णताही जवळजवळ तेवढीच. नावाला उपकक्षीय, कामाला कक्षीय.

स्पेसएक्सच्या स्टारशिप या अवाढव्य रॉकेटच्या चाचण्यांबद्दलही हाच गोंधळ दिसतो. २०२४ पासूनच्या काही चाचण्यांत ते सेकंदाला सात किलोमीटरच्या वर गेलं, अर्धी पृथ्वी ओलांडून हिंदी महासागरात उतरलं, तरी बातम्यांत ‘कक्षेत पोचलं नाही’ असं आलं आणि बऱ्याच जणांनी त्याला अपयश मानलं. ते ठरवून केलं होतं. इंजिनं थोडी आधी बंद केली, की मार्गाचा सर्वांत खालचा बिंदू पृथ्वीच्या पृष्ठभागाखाली किंवा दाट हवेत राहतो. मग पुढे काहीही बिघडलं, इंजिन परत पेटलं नाही, संपर्क तुटला, तरी एवढं मोठं यान ठरलेल्या रिकाम्या समुद्रातच येतं. याउलट लाँग मार्च ५बी या चिनी रॉकेटचा मुख्य टप्पा उपग्रहाबरोबर थेट कक्षेतच जातो आणि त्याला परत पेटवून खाली आणायची सोय नाही. २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये वीस टनांच्या आसपासचे असे टप्पे काही दिवस फिरत राहिले आणि हवेच्या ओढीने कुठेतरी पडले. नेमके कुठे, हे शेवटच्या तासापर्यंत कोणालाच सांगता आलं नाही. २०२० मध्ये त्याचे तुकडे आयव्हरी कोस्टमधल्या गावांत सापडले.